चोपन्न किलो सहाशे ग्रॅम

८ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी घडलेली गोष्ट शेजारचे पुंजाराम यांनी आपल्या पद्धतीने गावभर सांगितली आहे. ती जशी घडली तशी निदान एका ठिकाणी लिहिलेली असावी, म्हणून ही वही सुरू करीत आहे.

सौ. लंकाबाई यांस जून महिन्यात अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांची डावी बाजू अशक्त आहे. बाजेवरून शौचाचे भांडे बसवलेल्या खुर्चीवर आणि खुर्चीवरून पुन्हा बाजेवर त्यांस सून पूजा उचलून बसवते. शनिवारी पूजा उडीद काढण्यास गेली होती आणि मुलगा सुनील खर्डा गावात गेला होता. सौ. यांची अडचण झाली, म्हणून मी उचलले. निम्म्यात माझे गुडघे वाकले आणि आम्ही दोघेही जमिनीवर आलो. इजा कोणासही झाली नाही. परंतु त्यांस उठता येत नव्हते आणि, लिहिण्यास लाज वाटते, मलाही येत नव्हते. अर्ध्या तासाने पुंजाराम फवारणीचा पंप मागण्यास आले. त्यांनी आधी मला उचलले, नंतर सौ. यांस. माझा यावर आक्षेप आहे. आधी त्यांस उचलावयास हवे होते.

बाजार समितीत मी चौतीस वर्षे मापाडी होतो. लाखो पोती माझ्या काट्यावरून गेली. हमाल कमी पडला तर मी स्वतः पाठ दिली आहे. अशा माणसाला काखेत हात घालून उठवले गेले.

संध्याकाळी सुनीलने निर्णय सांगितला. विचारला नाही, सांगितला. दिवाळीनंतर तो आणि पूजा ऊसतोडीस जाणार. मुकादमास शब्द दिला असून टोळी २९ ऑक्टोबरला निघणार. पाच महिने मागे आम्ही दोघेच. तेव्हा आईस मिरजगावला धनश्रीकडे, म्हणजे आमच्या मुलीच्या सासरी, ठेवायचे.

मुलीचे लग्न होऊन एकोणीस वर्षे झाली. तिच्या घरी मी चहापलीकडे काही घेतलेले नाही. आणि आता माझ्या कुटुंबाने जावयाच्या ओसरीवर खाट टाकून पडावे? मी नाही म्हणालो. सुनील म्हणाला, "मग आईला एकल्यानं उचलून दावा आबा. पुंजारामकाका न्हाईत का आमी न्हाई. दावलं तर मी आईला हालवनार न्हाई."

एकावन्न दिवस आहेत. मी मान्य केले.

१० सप्टेंबर, बुधवार

खर्ड्यातील व्यायामशाळेत नाव घातले. ती बसस्थानकाच्या रस्त्यावर एका गाळ्यात भरते. चालक गहिनीनाथ, वय अंदाजे तीस. तेथील सामग्री पाहून मी अवाक् झालो. एक लोखंडी दांडा. त्याच्या चार चकत्या, त्यांतील एक तडकलेली आणि तारेने बांधलेली. एक बाक, त्याच्या एका पायाखाली वीट. हातात धरण्याच्या वजनांची एकच जोडी. बाकीची सर्व वजने रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून घरी केलेली. भिंतीवर एका मांसल पुरुषाचे चित्र आहे. त्या पुरुषाने ते शरीर या सामग्रीवर कमावलेले नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

मी दांड्याकडे गेलो तेव्हा गहिनीनाथ यांनी मला थांबवून प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. वयाचा मान राखला असे समजून मी बसलो. ते म्हणाले, "आता उठा आबा. हात न टेकता." मी उठलो. "परत बसा." असे दहा वेळा करविले. व्यायाम केव्हा सुरू होणार असे मी विचारले, तर म्हणाले, "ह्योच की व्यायाम."

बसणे आणि उठणे ही गोष्ट मी चौऱ्याहत्तर वर्षे कोणत्याही शिक्षकाशिवाय करीत आलो आहे, असे मी त्यांस स्पष्ट सुनावले. आठव्या वेळी माझा हात गुडघ्यावर टेकला होता, हे मात्र येथे नमूद करणे भाग आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

व्यायामशाळेत उघड फसवणूक चालू आहे. चकतीवर '१०' असा आकडा कोरलेला आहे. ती हातात घेताच मला संशय आला. शेजारच्या भुसार दुकानातील काट्यावर दहाच्या दोन्ही चकत्या घातल्या. प्रत्येकी नऊ किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे तेथील तरुण दररोज एक किलो सहाशे ग्रॅम वजन न उचलताच उचलले असे समजून घरी जातात. मी सर्वांना हे सांगितले. एकालाही संताप आला नाही. एक म्हणाला, "आबा, हितं कोन विकत घेतंय?" गहिनीनाथ म्हणाले की शरीराला आकडा कळत नाही. मी म्हणालो, माझ्या हाताला कळतो.

ही उणीव मी भरून काढणार आहे. निवृत्त झालो तेव्हा मुठीची दोन वजने मी व्यापाऱ्याकडून विकत घेऊन ठेवली होती. प्रत्येकी वीस किलो, वजनमापे खात्याच्या शिक्क्याची. एक उद्या सुनीलच्या गाडीवरून तेथे पोचते करीन. त्या गाळ्यात निदान एक तरी खरे वजन असावे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

माझे वजन मुलांना फार आवडले. त्याची मूठ धरून पायांमधून वर झोका देतात. मला मात्र अद्याप खुर्चीच. आता पंधरा वेळा. शिवाय भिंतीला हात लावून दंड, आणि सिमेंटचे दोन डबे घेऊन गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणे. डबे रंगाच्या दोन वेगवेगळ्या मापांचे असल्याने मी एका बाजूला कलतो. विचारले असता उत्तर मिळाले की घरचे माणूस तरी दोन्हीकडून कुठे सारखे असते. उत्तर उद्धट असले तरी चुकीचे नाही.

खुर्चीचा व्यायाम घरीही दोन वेळा करण्यास सांगितले आहे. मी तो सौ. यांच्या बाजेशेजारी करतो, म्हणजे त्यांस एकटे वाटणार नाही. त्या म्हणतात, "जरा मोठ्यानं मोजा." कानांस झटका आलेला नाही, तरी मोठ्याने मोजतो. माझी पाठ त्यांच्याकडे असते. मी मोजू लागलो की बाज करकर वाजते. नवार सैल झाली असावी. सुनीलला दोनदा सांगितले. त्याने ऐकल्यासारखे केले.

२४ सप्टेंबर, बुधवार

चार दिवस पाऊस कोसळतो आहे. रस्ता वाहून गेल्याने व्यायामशाळा बंद. घरातच वाळूची पिशवी उचलली.

आज दोन गोष्टींवरून पूजाशी बोलाचाली झाली. पहिली, दवाखान्याने घरी सोडताना चित्रांचा एक कागद दिला होता. तो मी आरशामागे खोचून ठेवला होता. तो तेथे नाही. या घरात कागद जागेवर राहत नाहीत. दुसरी गोष्ट गंभीर आहे. सौ. यांच्या अंगावर पांघरूण घालताना पाहिले, तर त्यांचे दोन्ही तळपाय मातीने भरलेले. जे माणूस जमिनीवर पाय ठेवीत नाही त्याच्या तळपायाला माती कशी लागते? याचा अर्थ आठ-आठ दिवस पाय पुसले जात नाहीत. मी तसे पूजास सांगितले. तिने खाली मान घातली आणि "पुसते" म्हणाली. सौ. हसत होत्या. झटक्यापासून त्यांचे हसू एका बाजूचे झाले आहे, त्यामुळे नेमके कशास हसतात ते कळत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

वाळूचे पन्नास किलोचे पोते आज मी जमिनीवरून बाकापर्यंत नेले. पाठ वाकवावयाची नाही. गुडघे वाकवावयाचे, पोते छातीशी घट्ट धरावयाचे, श्वास सोडीत उठावयाचे. बाजारात आम्ही याच्या नेमके उलट करीत होतो. दोघांनी पोते उचलून एकाच्या पाठीवर टाकावयाचे आणि त्याने धावावयाचे. गहिनीनाथ म्हणाले, "म्हनून तर समद्या हमालांच्या कमरा गेल्या." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला ते आवडले नाही. टाळ्या लहान मुलांना वाजवतात.

गहिनीनाथ यांना पोलीस भरतीत दोनदा धावण्यात एकेक गुण कमी पडला होता, असे आज कळले. हे त्यांनी स्वतः सांगितले नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज पूजास शेजारी उभे करून मी सौ. यांस उचलले. बाजेवरून खुर्चीवर, पडझड न होता. हातावर बावन्न किलो भरले. जूनमध्ये दवाखान्यात त्रेपन्न होते, तेव्हा हात अजून शाबूत आहे. सौ. म्हणाल्या, "आवं, बरगड्या मोडाल. पोतं न्हाई मी." मी पकड सैल केली. पुंजाराम कुंपणावरून पाहत होते. मी त्यांस नमस्कार घातला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आता दिवसातून चार वेळा मीच उचलतो. पूजा नुसती दारात उभी असते.

परंतु मन स्वस्थ नाही. आज हातावर सेहेचाळीस किलो भरले. मी दोनदा उचलून पाहिले. एका आठवड्यात सहा किलो उतरणे हे चांगले लक्षण नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एकेचाळीस.

या घरात सौ. यांची उपासमार होत आहे, असे मी सर्वांसमक्ष बोललो. सुनील म्हणाला, तुमची ताकद वाढली म्हणून हलकी लागते. हा युक्तिवाद मूर्खपणाचा आहे. मापाडी पैलवान झाला म्हणून पोत्यात धान्य कमी होत नाही. मी पूजास विचारले की आई किती खाते. ती म्हणाली, "दीड भाकरी खात्यात आबा. पयल्यापेक्षा जास्त." मी म्हणालो, ती जाते कुठे? पूजा रडू लागली आणि परसात गेली. सौ. यांनी दिवसभर माझ्याकडे पाहिले नाही.

मी कठोर बोललो, हे मान्य आहे. परंतु माझी आई अशीच उतरत गेली होती. शेवटी मी तिला एका हातावर उचलत असे.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

आडतीच्या दुकानातील ओळखीने सपाट काटा मागून आणला. तो अंगणात समपातळीत मांडला. आधी घरातील शिक्क्याचे वजन ठेवून तपासला. बरोबर वीस किलो. नंतर रिकामी खुर्ची ठेवली, चार किलो तीनशे. मग पूजाच्या मदतीने सौ. यांस खुर्चीसह काट्यावर ठेवले. अठ्ठावन्न किलो नऊशे. वजाबाकी केली. चोपन्न किलो सहाशे ग्रॅम.

आम्ही खुर्ची उतरवून पुन्हा ठेवली. चोपन्न सहाशे.

काटा खरा आहे. मग माझा हात खोटा. चौतीस वर्षांत व्यापारी, शेतकरी, सचिव, कोणी हे वाक्य माझ्याविषयी उच्चारू शकले नाही. आज ते मीच लिहीत आहे.

सकाळी सौ. यांनी मला ओवाळले होते. उजव्या हाताने, बसल्या जागी, निरांजन पूजाने धरले होते. काट्यावरून उतरवल्यावर त्या म्हणाल्या, "लोकांचे मालक पाडव्याला लुगडं घालत्यात. तुमी मला काट्यावर घातलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचा गैरसमज झाला आहे. मी हे काळजीपोटी केले. समजावून सांगावयास हवे होते, परंतु त्या वेळी मी खुर्चीचे वजन पुन्हा तपासत होतो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

उलगडा झाला.

पहाटेपासून विचार करीत होतो. पोते खरे, काटा खरा आणि तरीही माप कमी, असे बाजारात केव्हा होत असे? टांगत्या काट्यावर पोत्याचे बूड जमिनीला टेकले असेल तर. भार जमीन घेते, काटा कमी दाखवतो. नवख्या मापाड्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवीत असे, की आधी खाली पाहा.

सकाळी सौ. यांस उचलताना मी खाली पाहिले. दोन्ही पाय जमिनीवर. नुसते टेकलेले नव्हेत. उजवा पाय घट्ट रोवलेला, डावा थरथरत होता, तोही जोर देत होता. मी उचलत नव्हतो. त्या उठत होत्या आणि मी त्यांस मिठी मारून उभा होतो.

सर्व चौकशी केली. व्यायामाच्या चित्रांचा तो कागद पूजाकडे होता. मी व्यायामशाळेत गेलो की ती दार लोटून घेई आणि सौ. यांस जमिनीवर पाय रोवून उठण्याचा सराव देई. घरी मी मोजत असे, तेव्हा माझ्या पाठीमागे सौ. बाज धरून माझ्या आकड्यांवर उठत-बसत होत्या. पंधरा म्हटले की पंधरा. नवार मुळीच सैल नव्हती. सहा आठवडे माझ्याच घरात मला अंधारात ठेवले. आणि उपासमारीचा आरोप ऐकूनही पूजाने तोंड उघडले नाही, कारण तिच्या सासूने शपथ घातली होती.

मी सौ. यांस विचारले की मला का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी मोजीत बसला असता."

मी त्यांच्याशी बोलणे बंद केले आहे. पूजास मात्र, मी जे बोललो ते चुकीचे होते, असे सांगितले. ती पुन्हा रडली. या घरात कोणत्याही बोलण्याचा हाच परिणाम होतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

व्यायामशाळेत गेलो नाही. गहिनीनाथ स्वतः घरी आले. त्यांस मी सर्व हकीकत सांगितली. ते म्हणाले, "मग चांगलंच झालं की आबा. काम सोपं झालं." त्यांच्या हे लक्षात येत नाही की सुनीलने अट घातली आहे, एकट्याने उचलण्याची. सौ. आता पाय रोवल्यावाचून राहत नाहीत, म्हणून मी फार तर तीस किलो उचलतो, उरलेले सौ. यांचे पाय. परवा सुनीलपुढे मी उचलल्याचे नाटक केले तर कोणास कळणार नाही. सौ. कधी सांगणार नाहीत. त्या घरी राहतील.

पण ते खोटे माप होईल.

सांगितले तर जावयाची गाडी त्यांस मिरजगावला घेऊन जाईल. दोन दिवस हेच चालले आहे. जेवण जात नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

टोळीचा ट्रॅक्टर सकाळी आठ वाजता वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. धनश्री आणि जावई गाडी घेऊन त्याआधीच आले होते. गाडीत मागे गादी अंथरलेली मी पाहिली. पुंजाराम बोलावल्याशिवाय आले.

सुनील म्हणाला, "दावा आबा."

मी सर्वांसमक्ष सांगितले की मी तुझी अट पूर्ण करू शकत नाही. तुझी आई चोपन्न किलो सहाशे ग्रॅम आहे. माझ्या हातावर तीसच्या वर भार येत नाही. हे मी सांगितले नसते तर तुला कळलेही नसते, पण मी माप चोरीत नाही.

मग धनश्री हळूच म्हणाली, "चल आई, तुझं लुगड्याचं बोचकं कुठाय?" आणि सुनील बाजेच्या पायथ्याशी गेला, जावई उशाशी. दोघे वाकले.

तेव्हा सौ. बोलल्या. झटक्यापासून त्यांचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता. "व्हा बाजूला. दोन म्हैनं समदी माझं वजन करायलीत. ह्यो म्हनतो उचलून दावा, ह्ये म्हनत्यात तीस किलो. मला कुनी इचारलं का, लंकाबाई, तुला जायाचंय का?"

जावई दोन पावले मागे सरले.

मी पुढे झालो. त्या म्हणाल्या, "तुमी बी हात लावू नका. मोजा फकस्त."

त्यांनी उजवा हात बाजेच्या गातावर, म्हणजे कडेच्या लाकडावर, ठेवला, पाय मागे ओढून रोवले, पुढे झुकल्या आणि उठल्या. एकट्या. डावा गुडघा हलत होता. मी मोजले. मोठ्याने मोजले, कारण त्यांस तसेच लागते. माझा आवाज सहाव्या आकड्याला फुटला, त्याचे कारण सकाळपासून पाणी घेतले नव्हते. दहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "जा रं सुनील. ट्रॅक्टर खोळंबलाय."

सुनीलने आईच्या पायांवर डोके ठेवले. त्याच मातीच्या पायांवर. पूजाने चुलीजवळचे सर्व डबे-बरण्या कोठे आहेत ते मला तीनदा सांगितले. धनश्री गाडीतली गादी आमच्यासाठी ठेवून गेली. तिला मी आग्रहाने जेवून जाण्यास सांगितले. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करीन असे म्हणाली. पुंजाराम म्हणाले, "मोठं नवल पाहिलं आबा." मी म्हणालो, फवारणीचा पंप पावणेदोन महिन्यांपासून तुमच्याकडे आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

घरात आम्ही दोघेच आहोत.

सकाळी सौ. यांस खुर्चीवर न्यावयाचे होते. मी बाजूला हात मागे बांधून उभा राहिलो. ज्यांस आपली गरज नाही त्यांस मदत लादण्याचा माझा स्वभाव नाही. त्या उठल्या, वळल्या, खुर्चीपुढे पाठ करून उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बसेनात. मी विचारले, काय झाले?

म्हणाल्या, "उठता येतंय मला. बसताना भ्या वाटतं. खाली काय हाय दिसत न्हाई." मग म्हणाल्या, "पूजा धरायची. आता तुमी धरा."

मी धरले. काखेखालून, पाठ ताठ, गुडघे वाकवून. मग माझ्या ध्यानात आले की हे मला येत नाही. वर नेणे मी शिकलो आहे. बाजारात पोते खाली ठेवीत नसत, टाकीत असत. व्यायामशाळेतही मुले दांडा वर नेतात आणि धाडकन सोडतात, चकती तडकली ती अशीच. सात आठवड्यांत मला एकाही माणसाने वजन सावकाश खाली कसे न्यावे हे शिकवले नाही.

तरी सावकाश नेले. खुर्ची लागली तेव्हा सौ. यांनी श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावरचा हात लगेच काढला नाही.

ही व्यायामशाळेची गंभीर त्रुटी आहे. दहाच्या एसटीने खर्ड्यास जाऊन गहिनीनाथ यांस याचा जाब विचारणार आहे. सौ. तोवर बाजेवर बसून राहतील. साडेबाराच्या आत परत आलेच पाहिजे, कारण त्यांस पुन्हा खुर्चीवर बसावयाचे असेल.